अडलेलें ऊन : मुडदूस रोगाचा इतिहास

हाड हा शरीरांतील सर्वांत स्थिर, जवळजवळ निर्जीव भाग होय, अशी सामान्य समजूत आहे. मनुष्याच्या मागें जें शेवटपर्यंत उरतें तें हाडच असल्यामुळें ही समजूत स्वाभाविकहि आहे. परंतु जिवंत शरीरांतील हाड हें पडक्या वाड्याच्या दगडासारखें नसून राहत्या घराच्या भिंतीसारखें असतें. त्याची झीज आणि डागडुजी अखंड चालू असते. आणि लहान मुलाचें हाड तर अजून बांधून पुरें व्हावयाचें असतें. ह्या चालू बांधकामाला चुना मिळाला नाहीं म्हणजे काय होतें, हें ज्या रोगांत पाहावयास सांपडतें त्याला मराठींत मुडदूस म्हणतात.

सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणापर्यंत ह्या रोगानें उत्तर युरोपांतील शहरांत असंख्य मुलांचे पाय वांकविले. ज्या मुली त्यांतून जगल्या त्यांच्या कमरेचीं हाडें अरुंद करून त्यानें पुढें त्यांचीं बाळंतपणें जीवघेणीं केलीं. त्यावरचा उपाय मात्र ह्या सर्व काळांत कधींच दुर्मिळ नव्हता. तो समुद्रकांठच्या कोळ्यांच्या घरांत बुधल्यांत भरलेला होता, आणि आकाशांतून फुकट पडत होता. उपाय इतका हाताशीं असतां रोग पावणेतीनशें वर्षें कां टिकला, हा प्रश्न ह्या इतिहासाच्या मुळाशीं आहे. आणि त्याचें उत्तर केवळ युरोपापुरतें नाहीं. नाशिकच्या वाड्यांशीं आणि आजच्या शहरांतील बंद सदनिकांशींहि त्याचा संबंध पोंचतो.

रोग समजण्यासाठीं प्रथम हाड वाढतें कसें तें पाहिलें पाहिजे. हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या भागांत बोटांना लागतो तशा लवचिक पदार्थाचा, एक पातळ थर असतो. मुलाची उंची वाढते ती ह्या थरांतून. त्यांतील पेशी उतरंडीप्रमाणें एकीवर एक रचल्या जातात. उतरंडीच्या एका टोकाला नव्या पेशी निर्माण होत असतात, तर दुसऱ्या टोकाच्या पेशी फुगून त्यांच्याभोंवतीं कॅल्शियमचे आणि स्फुराचे क्षार बसूं लागतात. पुढें त्या पेशी नाहींशा होऊन त्यांच्या जागीं खरें हाड घडतें. जणूं एक गवंडी पुढें विटा रचीत जातो आणि दुसरा मागून दरजा भरीत येतो.

मुडदुसांत पहिला गवंडी थांबत नाहीं आणि दुसरा येतच नाहीं. कूर्चेच्या पेशी वाढत राहतात, पण त्यांच्यांत क्षार बसत नाहींत. पातळ असावयाचा थर जाड, मऊ आणि वेडावांकडा होतो. म्हणून मुलाचीं मनगटें व घोटे सुजल्यासारखे दिसतात, आणि बरगड्या जेथें कूर्चेला मिळतात तेथें छातीच्या दोन्ही बाजूंना जपमाळेच्या मण्यांसारख्या गांठींची ओळ हाताला लागते. कवटीचें हाड बोटानें दाबलें तर दबतें. मूल उभें राहूं लागलें कीं अंगाच्या भारानें पाय धनुष्याप्रमाणें बाहेर वांकतात, किंवा गुडघे आंत वळून एकमेकांवर आपटतात. रोग हाडापुरताच नसतो. स्नायु शिथिल होतात, पोट सुटतें, दांत उशिरा येतात, डोक्याला घाम फार येतो आणि मूल किरकिरें होतें. प्रौढांत वाढीचे थर बंद झालेले असतात, त्यामुळें त्यांचीं हाडें टोकांशीं फुगत नाहींत. परंतु झिजेच्या जागीं जें नवें हाड भरलें जातें त्यांत क्षार नसतात. त्यांची पाठ व कंबर सतत दुखते, चाल बदकासारखी होते, आणि थोड्या धक्क्यानेंहि हाड चिरतें. ह्या प्रौढ रूपाला अस्थिमृदुता म्हणतात. १८५३ सालीं रूडॉल्फ फिर्खो ह्या जर्मन रोगशास्त्रज्ञानें वाढत्या हाडांतील हा बिघाड सविस्तर वर्णिला, आणि १८८५ सालीं पॉमर ह्यानें सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें क्षारहीन हाडाचें स्वरूप दाखविलें. बिघाड काय आहे हें अशा रीतीनें कळलें. तो कशानें होतो हें कळावयास आणखी एक पिढी जावी लागली.

आतां ह्या रोगाचा पूर्वेतिहास पाहूं. लंडन शहरांत मृत्यूंचीं कारणें नोंदविणारीं पत्रकें निघत असत. १६६२ सालीं जॉन ग्राँट ह्यानें त्या पत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां त्याच्या असें लक्षांत आलें कीं, मुडदुसाचें नांव त्यांत पहिल्यानें १६३४ सालीं येतें, आणि त्या वर्षीं त्या सदराखालीं १४ मृत्यु नोंदलेले आहेत. रोग त्या वर्षीं जन्मला असें अर्थात् नव्हे. पण लोकांनीं त्याला वेगळें नांव देण्याइतका तो तेव्हां वाढला होता. १६४५ सालीं डॅनियल व्हिसलर ह्या तरुण इंग्रजानें हॉलंडमधील लायडेन येथें पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय हाच होता, आणि त्यानें त्याला इंग्रज मुलांचा रोग असेंच म्हटलें. पांच वर्षांनीं, १६५० सालीं, केंब्रिजचा अध्यापक फ्रान्सिस ग्लिसन ह्याचा मोठा ग्रंथ निघाला. लंडनच्या वैद्यमंडळांतील सहकाऱ्यांच्या टिपणांचाहि त्याला आधार होता. ग्लिसननें प्रेतांची तपासणी केली, लक्षणें बारकाईनें टिपलीं आणि ग्रीक भाषेंतील पाठीच्या कण्याच्या शब्दावरून रोगाला शास्त्रीय नांव दिलें. कारण मात्र त्याला सांपडलें नाहीं. हाडाच्या एका बाजूला पोषण अधिक व दुसऱ्या बाजूला कमी मिळाल्यानें तें वांकतें, असा त्याचा तर्क होता. त्यामुळें त्याच्या उपचारांत मर्दन होतें, फळ्या बांधणें होतें, आणि मुलाला पट्ट्यांनीं टांगून ताणणेंहि होतें.

ह्याच सुमारास लंडन दगडी कोळशाच्या धुरानें काळवंडत होतें. जॉन ईव्हलिन ह्यानें १६६१ सालीं ह्या धुराविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. पुढें एकोणिसाव्या शतकांत कारखान्यांचीं शहरें उभीं राहिलीं. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेंकलेल्या चाळी, वर धुराचें छत, आणि कारखान्यांत जाणाऱ्या आईबापांचीं दिवसभर कोंडलेलीं मुलें. त्यांत उत्तरेकडील लांब हिवाळा. ग्लासगो, मँचेस्टर, लंडन, व्हिएन्ना, अशा शहरांच्या गरीब वस्त्यांत वांकड्या पायांचीं मुलें हें नित्याचें दृश्य झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ड्रेस्डेनचा रोगशास्त्रज्ञ श्मोर्ल ह्यानें लहान वयांत मेलेल्या मुलांचीं हाडें तपासलीं, तेव्हां त्यांतील बहुसंख्य मुलांत त्याला मुडदुसाच्या खुणा दिसल्या. आणि ह्या खुणा हिवाळ्यांत ताज्या व उन्हाळ्यांत बुजत आलेल्या असत.

मुलींच्या बाबतींत रोगाची खरी किंमत वीस वर्षांनीं वसूल होई. मऊ झालेलें कटीचें हाड अंगाच्या भारानें चपटें होई आणि तसेंच घट्ट बने. अशा स्त्रीच्या बाळंतपणांत मूल अडे, आणि पुष्कळदां दोघेंहि दगावत. १८७६ सालीं इटलींतील पाव्हिया येथें पोरो ह्या शस्त्रवैद्यानें पोट फाडून बाळंतपण करण्याची जी गाजलेली शस्त्रक्रिया केली, ती मुडदुसानें कटी विकृत झालेल्या स्त्रीवर होती. आई व मूल दोन्ही वांचलीं, परंतु त्यासाठीं गर्भाशय काढून टाकावें लागलें. १८८८ सालीं ग्लासगो येथें मर्डोक कॅमेरन ह्यानें अशाच खुज्या स्त्रियांवर यशस्वी शस्त्रक्रिया केल्या. बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेंत जी प्रगति झाली तिच्यामागें अंधाऱ्या गल्ल्यांत वाढलेल्या मुलींचीं हीं वांकडीं हाडें आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

ह्या सर्व काळांत उपाय दोन वाटांनीं पुढें येत होता. पहिली वाट अन्नाची. उत्तर समुद्राच्या कांठचे लोक कॉड माशाच्या यकृताचें तेल पुरातन काळापासून औषध म्हणून वापरीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मँचेस्टरच्या रुग्णालयांत तें संधिवातासाठीं दिलें जाऊं लागलें. त्याचा वास इतका उग्र कीं रोगी कंटाळत, पण गुण येई. १८४१ सालीं एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट ह्यानें ह्या तेलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पॅरिसमध्यें त्रूसो ह्यानें मुडदुसावर त्याचा आग्रह धरला, आणि मुलांचा मुडदूस व प्रौढांची अस्थिमृदुता हा एकच रोग आहे असेंहि सांगितलें. दुसरी वाट उन्हाची. १८२२ सालीं श्न्यादेत्स्की ह्या पोलिश वैद्यानें असें लिहून ठेवलें कीं, हा रोग शहरांतल्या मुलांना फार आणि खेड्यांतल्या मुलांना क्वचित् होतो, व त्यावर उत्तम इलाज म्हणजे मुलाला उघड्या हवेंत प्रत्यक्ष उन्हांत नेणें. त्याच्या सांगण्याकडे वैद्यवर्गानें फारसें लक्ष दिलें नाहीं.

दोन्ही वाटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकेक लक्षणीय प्रसंग घडला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सिंहाचे छावे मुडदुसानें मरत असत. त्यांना घोड्याचें निव्वळ मांस मिळे. त्या जनावराचीं मोठीं हाडें त्यांना फोडतां येत नसत. १८८९ सालीं जॉन ब्लँड-सटन ह्या शस्त्रवैद्यानें त्यांच्या मांसांत कुटलेलीं हाडें, दूध आणि कॉडचें तेल मिसळविलें. कांहीं महिन्यांत छावे सुधारले आणि पुढें धष्टपुष्ट वाढले. सिंहाच्या छाव्यांना जें मिळालें तें लंडनच्या गरीब मुलांना मिळावयास मात्र अजून तीस वर्षें होतीं.

दुसरा प्रसंग थिओबाल्ड पाम ह्याचा. हा मिशनरी डॉक्टर जपानांत सुमारें दहा वर्षें राहून इंग्लंडांत परतला. जपानांत जो रोग त्यानें पाहिलाच नव्हता तो मायदेशीं त्याला ठिकठिकाणीं दिसला. ब्रिटिश वैद्यक संघानें १८८९ सालीं देशभर चौकशी करून जो नकाशा काढला त्यांत मुडदूस कारखान्यांच्या भागांत दाट आणि खेड्यांत विरळ दिसत होता. पामनें जपान, चीन, हिंदुस्थान वगैरे देशांतील आपल्या परिचितांना पत्रें घालून माहिती मिळविली, आणि १८९० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. अन्न निकृष्ट, घर गलिच्छ, दारिद्र्य आत्यंतिक, असें असूनहि जेथें ऊन भरपूर तेथें मुडदूस नाहीं. आणि अन्नाची चंगळ असूनहि जेथें ऊन दुर्मिळ तेथें तो आहे. मुलांना पद्धतशीर ऊन द्यावें, आणि कोठें किती ऊन पडतें हें मोजण्याचीं साधनें वापरावींत, अशी सूचनाहि त्यानें केली. प्रयोगशाळा नसतां केवळ टपालाच्या बळावर त्यानें रोगाचें मूळ गांठलें होतें.

तरी पाम विस्मृतींत गेला. ह्याचें कारण शोधतांना त्या काळाची विचारसरणी लक्षांत घ्यावी लागते. १८८२ सालीं कॉखनें क्षयाचा जंतु दाखविला होता, आणि रोग म्हणजे कांहींतरी शरीरांत शिरणें, ही कल्पना वैद्यकावर अंमल गाजवूं लागली होती. कशाच्या तरी अभावानें रोग होतो, ही कल्पना अजून रुजावयाची होती. विशिष्ट अन्नघटकाच्या अभावानें रोग होतात हा सिद्धांत १९१२ च्या सुमारास पुढें आला, आणि तोहि अन्नापुरताच. प्रकाश हा शरीराचा आहार असूं शकेल असें म्हणणें कविकल्पनेसारखें वाटे. उन्हानें हाड बळकट होतें तर कसें होतें, ह्याचें उत्तर पामजवळ नव्हतें. आणि कार्यकारणाची साखळी दाखवितां येत नाहीं तोंवर डोळ्यांसमोरचें सत्यहि शास्त्राच्या दारांत उभें राहतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटनमध्यें ह्या प्रश्नावर दोन पक्ष पडले. ग्लासगोच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, रोगाचें कारण कोंडलेपणा आहे. लेनर्ड फिंडले ह्यानें १९०८ सालीं कुत्र्याचीं पिल्लें कोंडून ठेवून मुडदूस झाल्याचें दाखविलें, आणि हालचालीचा अभाव हें कारण मानलें. लंडनमध्यें एडवर्ड मेलनबी ह्यानें कुत्र्याच्या पिल्लांना मुख्यतः ओट धान्याची पेज घालून मुडदूस उत्पन्न केला, तो कॉडच्या तेलानें बरा केला, आणि १९१८-१९ मध्यें हा रोग अन्नांतील उणिवेनें होतो असें जाहीर केलें. त्याचा प्रयोग बिनचूक होता, पण त्याचीं पिल्लें सर्व वेळ घरांतच ठेवलेलीं होतीं, ह्या गोष्टीला त्यानें महत्त्व दिलें नाहीं. तीं अंगणांत बागडत असतीं तर केवळ पेजेनें त्यांना तो रोग जडता ना.

नेमक्या ह्याच वेळीं, महायुद्धानंतरच्या उपासमारीच्या हिवाळ्यांत, बर्लिनमध्यें कुर्ट हुल्डशिन्स्की ह्यानें मुडदुसानें पीडित अशा चार मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत त्यांच्या हाडांत क्षार बसत असल्याचें स्पष्ट दिसलें. पुढें त्यानें आणखी एक मार्मिक प्रयोग केला. मुलाच्या एकाच हातावर प्रकाश पाडला, आणि दुसऱ्या हाताचें हाडहि सुधारलें. प्रकाश हाडापर्यंत जात नाहीं हें उघड होतें. तेव्हां प्रकाशानें कातडींत कांहीं पदार्थ निर्माण होतो आणि तो रक्तावाटें सर्व शरीरभर पोंचतो, असा अर्थ त्यांतून निघत होता.

दोन पक्षांचा निवाडा व्हिएन्ना शहरांत झाला. युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरांत मुडदूस उघड्या डोळ्यांनीं मोजतां येण्याइतका झाला होता. तेथील बालरुग्णालयाचे प्रमुख फॉन पिर्के ह्यांचें मत हा रोग संसर्गजन्य आहे असें होतें. तरीहि १९१९ सालीं आलेल्या हॅरिएट चिक ह्या इंग्रज संशोधक स्त्रीला व तिच्या सहकाऱ्यांना त्यांनीं आपलें रुग्णालय खुलें करून दिलें, ही त्यांची थोरवी होय. चिकनें १९२२ पर्यंत तान्ह्या मुलांवर काटेकोर निरीक्षण ठेविलें. स्वच्छता, शुश्रूषा, जागा सर्वांना सारखी. एका गटाला नेहमींचें अन्न, दुसऱ्याला कॉडचें तेल. हिवाळ्यांत पहिल्या गटांतील अनेक मुलांना मुडदूस झाला, दुसरा गट सुरक्षित राहिला. उन्हाळ्यांत मात्र तेल न मिळणाऱ्या मुलांनाहि रोग जडला नाहीं. आजारी मुलांपैकीं कांहींना तेल, कांहींना दिव्याचा प्रकाश आणि कांहींना गच्चीवरचें ऊन दिलें. सगळींच बरीं झालीं. म्हणजे अन्न म्हणणारे आणि ऊन म्हणणारे हे दोन्ही पक्ष खरे होते, आणि प्रत्येकाच्या हातीं अर्धेंच सत्य होतें.

ह्या दोन अर्धांचा सांधा पुढील कांहीं वर्षांत जुळला. १९२२ सालीं अमेरिकेंत मॅकॉलम ह्यानें कॉडच्या तेलांतून हवा व उष्णता सोडून त्यांतील ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट केलें. तरीहि त्या तेलानें मुडदूस बरा झाला. अर्थात् तेलांत आणखी एक तत्त्व होतें. त्याला ‘ड’ जीवनसत्त्व हें नांव मिळालें. १९२४ सालीं स्टीनबॉक आणि हेस ह्यांनीं निरनिराळें काम करीत असतां असें दाखविलें कीं, ज्या अन्नांत मुडदूस बरा करण्याचा गुण मुळींच नाहीं त्याच्यावर अतिनील किरण सोडले तर तो गुण त्यांत उतरतो. ह्या रसायनांच्या घडणीचा उलगडा करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ विंडाउस ह्याला १९२८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज ह्या साखळीचे सर्व दुवे ज्ञात आहेत. कातडींतील एका स्निग्ध पदार्थावर अतिनील किरण पडले म्हणजे त्याचें ‘ड’ जीवनसत्त्वांत रूपांतर होतें. तें यकृतांत जातें, तेथें त्यांत एक बदल होतो. मग मूत्रपिंडांत दुसरा बदल होतो, जो फ्रेझर व कोडिचेक ह्यांनीं १९७० सालीं उघडकीस आणला. असें सिद्ध झालेलें तत्त्व आंतड्याला अन्नांतील कॅल्शियम ओढून घ्यावयास लावतें. तें नसलें म्हणजे दुधाचा पेला पोटांत जाऊनहि त्यांतील पुष्कळसा चुना हाडापर्यंत पोंचत नाहीं.

ह्या ठिकाणीं हिंदुस्थानाचा संबंध येतो, आणि तो मोठा बोधक आहे. मूल वेळेवर चालत नाहीं ही चिंता येथें जुनीच आहे. नेपाळांत सांपडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ सालीं छापल्या गेलेल्या काश्यपसंहितेंत, वर्षाचें होऊनहि जें मूल पायांनीं चालत नाहीं त्याला फक्क म्हटलें आहे. त्याचे तीन प्रकार सांगितले असून, चालण्याच्या अभ्यासासाठीं तीन चाकांचा रथ, म्हणजे आपला पांगुळगाडाच, सुचविलेला आहे. फक्क म्हणजे केवळ मुडदूस असें म्हणतां येत नाहीं. त्यांत अनेक प्रकारची दुर्बल मुलें येतात. परंतु ऊन भरपूर असलेल्या ह्या देशांत खऱ्या मुडदुसाला स्थान नसावें, असें पामच्या सिद्धांतावरून वाटणें साहजिक होतें.

प्रत्यक्ष तपासांत वेगळेंच दिसलें. डॉ. हचिसन आणि डॉ. शहा ह्यांनीं १९२२ सालीं ह्या विषयावर जो लेख प्रसिद्ध केला त्यांत नाशिककडील निरीक्षणें होतीं. शेतांत आणि रस्त्यावर दिवसभर राबणारीं गरीब हिंदु कुटुंबें ओबडधोबड आणि स्निग्धांश नसलेलें अन्न खात. पण त्यांच्यांत मुडदूस आढळला नाहीं. उलट ज्या मुसलमान आणि वरिष्ठ हिंदु कुटुंबांत स्त्रिया व मुलें पडद्याआड राहत, तेथें सुस्थिति असूनहि मुडदूस आणि अस्थिमृदुता फार होती. काश्मीरांत श्रीनगरच्या स्त्री-रुग्णालयांत काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन ह्यांनाहि हेंच दिसलें. त्यांनीं १९२८ सालीं पडदा आणि मातृत्व ह्यांच्या संबंधावर पुस्तक लिहिलें. घरांत कोंडलेल्या स्त्रियांचीं कटीचीं हाडें मऊ होऊन बाळंतपणें प्राणांवर बेतत. आणि तेथल्याच नावांवर राहणाऱ्या, उघड्यावर काम करणाऱ्या स्त्रिया सुखरूप बाळंत होत.

लंडनमध्यें उन्हाला धूर आडवा येत होता; नाशिक आणि श्रीनगर येथें भिंत व पडदा आडवा येत होता. हाडाला दोहोंतील भेद कळत नव्हता. देशांत ऊन किती पडतें हा प्रश्न नसून तें माणसाच्या कातडीपर्यंत पोंचतें किंवा नाहीं, हा खरा प्रश्न होता. इंग्लंडांत रोग दारिद्र्याच्या वाट्याला आला आणि येथें प्रतिष्ठेच्या. कारण तेथें अंधार हें गरिबीचें लक्षण होतें, आणि येथें तें कुलीनतेचें.

जीवनसत्त्व हातीं आल्यावर रोग संपला असें मात्र झालें नाहीं. पाश्चात्त्य देशांत मुलांच्या अन्नांत व दुधांत तें मिसळूं लागल्यावर मुडदूस झपाट्यानें ओसरला. परंतु १९५० नंतरच्या दशकांत ब्रिटनमध्यें अनेक पदार्थांतून त्याचा एकत्रित अतिरेक झाल्यानें कांहीं तान्ह्या मुलांच्या रक्तांत कॅल्शियमचें प्रमाण धोकादायक रीतीनें वाढलें, आणि प्रमाण कमी करावें लागलें. १९६० नंतर ग्लासगो व इतर शहरांत मुडदूस पुन्हां दिसला, तो आतां भारत व पाकिस्तान येथून गेलेल्या कुटुंबांत. सांवळ्या कातडीला तेवढेंच जीवनसत्त्व बनविण्यास अधिक ऊन लागतें, आणि तेथें तर तें कमी. १९८१ सालीं ब्रिटनमध्यें ह्यासाठीं स्वतंत्र मोहीम काढावी लागली. उलट नायजेरियांत, जेथें ऊन उदंड, तेथील मुलांत मुडदूस आढळला. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तो मुख्यतः अन्नांतील कॅल्शियमच्या कमतरतेनें होतो आणि कॅल्शियम दिल्यानें बरा होतो असें दिसून आलें. गवंडी कितीहि तरबेज असला तरी चुना आणलाच नसेल तर तो काय करणार? अन्नपक्षाच्या वाट्याचें अर्धें सत्य येथें पुन्हां पुढें आलें.

आज भारतांतील शहरांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्व थरांत सर्रास आढळते. पडदा बहुतांशीं गेला, पण त्याच्या जागीं उंच इमारतींची सांवली, दिवसभराची कचेरी आणि बंद खिडकी आली. खिडकीच्या कांचेंतून उजेड येतो, ऊब येते, परंतु ज्या किरणांनीं जीवनसत्त्व बनतें ते किरण कांच बहुतांशीं अडविते; म्हणून कांचेआड झोंपविलेल्या तान्ह्या मुलाला हाडांच्या दृष्टीनें ऊन मिळालें असें होत नाहीं. मूल तेल लावून कोंवळ्या उन्हांत ठेवण्याची आपल्याकडील रीत मायेची व शहाणपणाची खरीच. तथापि अगदीं सकाळच्या तिरप्या उन्हांत हे किरण फार थोडे असतात, आणि दिवस वर येतो तसे ते वाढतात. आईच्याच अंगीं हें जीवनसत्त्व कमी असलें तर तिच्या दुधांतूनहि तें बाळाला पुरेसें मिळत नाहीं. ह्याच कारणासाठीं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें पहिल्या वर्षभर प्रत्येक तान्ह्या मुलाला रोज ४०० एकक ‘ड’ जीवनसत्त्व द्यावें अशी शिफारस केली आहे. तें वैद्याच्या सल्ल्यानें द्यावयाचें असतें, कारण त्याचा अतिरेकहि अपाय करतो, हें १९५० नंतरच्या अनुभवानें शिकविलें आहे.

मुडदुसाच्या इतिहासांत जंतु नाहीं, विष नाहीं, कोणी शत्रु नाहीं. माणसानें स्वतःच बांधलेल्या शहरांनीं, भिंतींनीं आणि रूढींनीं जें अडविलें त्याचा हिशेब मुलांच्या हाडांत लिहिला गेला. तो वाचणारीं माणसेंहि वेळोवेळीं होतीं. पण त्यांचें म्हणणें ऐकावयास जगानें त्यामागील रसायन सिद्ध होण्याची वाट पाहिली, आणि तोंवर मुलांच्या अनेक पिढ्या वांकड्या पायांनीं चालल्या. आतां रसायन सिद्ध आहे, औषध स्वस्त आहे आणि ऊन पूर्वीइतकेंच फुकट आहे. ह्यापुढें एखाद्या मुलाचे पाय वांकले तर अज्ञानाची सबब कोणालाहि सांगतां येणार नाहीं.